खाड्याचा हिशेब

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

गिरणगावातल्या जुन्या माणसांना आजारपणाची भीती कशाची वाटायची? तापाची नव्हे, खाड्याची. डॉक्टरचे पैसे एक वेळ उसने आणता येत, बुडालेला रोज कोण देणार? गरिबाच्या घरी आजारपण असं दोन्ही बाजूंनी येतं. औषधाला पैसे लागतात आणि नेमकं त्याच वेळी पैसे येणं थांबतं. आपल्याकडच्या सरकारी आरोग्य विम्याची गोष्ट समजून घ्यायची तर या दोन्ही बाजू लक्षात ठेवायला हव्यात.

कामगारांच्या आजारपणाचा विमा जर्मनीत बिस्मार्कने १८८३ साली सुरू केला. इंग्लंडमध्ये १९११ साली तसा कायदा झाला. आपल्याकडे चर्चा बरीच झाली. पण कामाला हात लागला तो महायुद्धाच्या काळात. १९४३ साली अर्थशास्त्रज्ञ प्रा. बी. पी. अडारकर यांच्याकडे कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्याचं काम सोपवण्यात आलं. तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होतं. अडारकरांचा अहवाल १९४४ साली आला, १९४८ साली कायदा झाला आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी पंडित नेहरूंनी कानपूरमध्ये योजनेचं उद्घाटन केलं. कानपूर आणि दिल्ली मिळून सुमारे सव्वा लाख कामगारांपासून सुरुवात झाली. १९५४ साली ती मुंबईत आली.

या योजनेने खाड्याचा विचार केला होता, हे तिचं मोठेपण. दवाखाना आणि औषध तर होतंच. शिवाय आजारपणात बुडालेल्या मजुरीचा काही भाग रोख मिळे. कामावर अपघात झाला, बाळंतपण आलं, तरी पैसे मिळत. १९५८पासून टप्प्याटप्प्याने घरच्यांनाही औषधोपचार मिळू लागले. कामगार आणि मालक दोघेही वर्गणी भरत, त्यामुळे हा कुणाचा धर्मादाय नव्हता. पगारातून पैसे कापले जात, म्हणून कामगार तो हक्काने मागू शके.

पण दारावर पाटी होती. सुरुवातीला ही योजना विजेवर चालणाऱ्या, वीस किंवा अधिक कामगारांच्या बारमाही कारखान्यांपुरती आणि महिना चारशे रुपयांपर्यंत पगार असणाऱ्यांपुरती होती. शेतमजूर, बिगारी, मोलकरीण, हातगाडीवाला हे सगळे बाहेर राहिले. ज्याचं नाव मस्टरवर नाही, ज्याचा मालक रोज बदलतो, त्याची वर्गणी कापायची कुठून, हा प्रश्न होता.

आत असलेल्यांचंही सगळं नोकरीवर अवलंबून होतं. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतला गिरणी संप सुरू झाला. त्यात हजारो कामगारांच्या नोकऱ्या कायमच्या गेल्या. नोकरीबरोबर वर्गणी थांबली आणि वर्गणीबरोबर पुढे विम्याचा दवाखानाही सुटला. सर्वांत गरज होती, तेव्हाच.

बाहेर राहिलेल्यांची पाळी यायला पुढे पाव शतक लागलं. २००७ साली आंध्र प्रदेशात आरोग्यश्री योजना आली. २००८ साली केंद्राने दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबांसाठी राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजना सुरू केली. तीस रुपये नोंदणी आणि वर्षाला तीस हजारांपर्यंत इस्पितळातले उपचार. महाराष्ट्रात २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली. पुढे ती राज्यभर गेली आणि २०१७ साली तिला महात्मा जोतिराव फुल्यांचं नाव मिळालं. इथे मस्टर लागत नव्हतं, पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड पुरे होतं. हप्ता सरकार भरू लागलं. २०१८ साली केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेने कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण दिलं. २०२३ साली महाराष्ट्राने आपली योजना राज्यातल्या सर्व कुटुंबांना खुली करण्याचा निर्णय घेतला.

दार उघडलं, हे खरंच. पण आता परांचीवरून पडलेल्या गवंड्याचा विचार करा. योजनेतल्या इस्पितळात त्याच्या पायाची शस्त्रक्रिया मोफत होऊ शकते. नंतर तीन महिने तो घरी बसेल, तेव्हा घरात पीठ कुठून येणार? या नव्या योजना मुख्यतः इस्पितळात दाखल होणाऱ्याचं बिल भरतात. रोजच्या बीपीच्या गोळीचे पैसे त्या देत नाहीत, बुडालेल्या रोजाचेही नाहीत. कामगार विम्यात असलेल्याला मात्र आजही आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मजुरीच्या ७० टक्के रक्कम मिळू शकते.

अडारकरांच्या योजनेत माणसं थोडी होती, पण तिने दोन्ही बाजू सांभाळल्या. आजच्या योजनांत माणसं कोट्यवधी आहेत, एक बाजू उघडी आहे. गवंड्याच्या खाड्याचा हिशेब या नव्या योजनांच्या वहीत अजून लिहिलेला नाही.