युवक : ख्रिस्तसभेची आशा – जागतिक युवा दिनाचा उगम आणि अर्थ

दि. २२ ऑक्टोबर १९७८ रोजी, आपल्या पोपपदाच्या आरंभीच, पोप जॉन पॉल दुसरे यांनी तरुणांना उद्देशून सांगितले की, तुम्ही जगाचे भवितव्य आहात, ख्रिस्तसभेची आणि माझीही आशा आहात. हा विचार आपण अनेक प्रवचनांतून ऐकतो. परंतु ज्याच्यावर आशा ठेवायची, त्याच्या हाती काही सोपवावेही लागते. पोपमहोदयांनी तरुणांच्या हाती क्रूस सोपविला. जागतिक युवा दिनाचा उगम त्या घटनेत आहे.

क्रूसाचा प्रवास

१९८३-८४ हे ‘तारणाचे पवित्र वर्ष’ होते. त्यानिमित्त सुमारे साडेबारा फूट उंचीचा साधा लाकडी क्रूस रोममधील संत पेत्राच्या महामंदिरात उभारण्यात आला होता. वर्षाच्या सांगतेला, २२ एप्रिल १९८४ च्या ईस्टर रविवारी, पोपमहोदयांनी तो युवकांच्या स्वाधीन केला आणि ख्रिस्तप्रेमाचे चिन्ह म्हणून जगभर नेण्यास सांगितले.

१९८५ साली युवकांनी तो क्रूस चेकोस्लोव्हाकियातील प्राग शहरी नेला. तेव्हा तेथे कम्युनिस्ट राजवट होती व ख्रिस्तसभेवर कडक निर्बंध होते. खुद्द पोपमहोदयांना त्या देशात पाऊल ठेवण्यास १९९० साल उजाडावे लागले. क्रूस मात्र पाच वर्षे आधीच तरुणांच्या खांद्यावरून तेथे पोहोचला होता.

युवा दिनाची स्थापना

१९८५ हे संयुक्त राष्ट्रसंघाने आंतरराष्ट्रीय युवक वर्ष म्हणून जाहीर केले होते. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये पोपमहोदयांनी जागतिक युवा दिनाची घोषणा केली. पहिला युवा दिन २३ मार्च १९८६ रोजी, झावळ्यांच्या रविवारी, साजरा झाला. धर्मप्रांतीय पातळीवर हा दिवस दरवर्षी पाळला जातो; २०२१ पासून तो ख्रिस्तराजाच्या सणादिवशी येतो.

काही वर्षांच्या अंतराने आंतरराष्ट्रीय मेळावा भरतो. रोमबाहेरील पहिला मेळावा १९८७ साली अर्जेंटिनातील ब्युनोस आयर्स येथे झाला. १९९५ साली मनिला येथील समारोपाच्या मिस्साबलीस सुमारे ४० ते ५० लाख लोक जमले होते, असा अंदाज आहे. २०२३ साली लिस्बन येथे सुमारे १५ लाख भाविक सहभागी झाले. बिशपांकडून धर्मशिक्षण, पापनिवेदन, क्रूसाची वाट, रात्रीची जागरणप्रार्थना आणि समारोपाचा मिस्साबली असा मेळाव्याचा क्रम असतो. आशिया खंडातील युवकांसाठीही असे मेळावे होतात. त्यांपैकी २००३ सालच्या मेळाव्याचे यजमानपद भारतातील बंगळूरने भूषविले होते.

लिस्बनमध्येच पुढील मेळाव्यासाठी दक्षिण कोरियातील सोल शहराची निवड जाहीर झाली. त्यासाठी ३ ते ८ ऑगस्ट २०२७ हा काळ ठरविण्यात आला. आपल्याप्रमाणे तेथेही ख्रिस्ती समाज बहुसंख्य नाही. कोरियातील ख्रिस्तसभेचा पाया धर्मगुरूंच्या आगमनापूर्वी प्रापंचिकांनी घातला. त्या देशाचे पहिले धर्मगुरू संत आंद्रू किम यांनी १८४६ साली रक्तसाक्ष्य दिले, तेव्हा त्यांचे वय अवघे २५ वर्षे होते.

आजची जबाबदारी

२०१८ साली रोममध्ये युवकांविषयी बिशपांची सिनड भरली. त्यानंतर २०१९ साली पोप फ्रान्सिस यांनी ‘क्रिस्तुस विवित’ हे प्रबोधनपत्र प्रसिद्ध केले. तरुण हे केवळ उद्याचे नाहीत, ते देवाचे ‘आज’ आहेत, हा त्यातील एक मध्यवर्ती विचार आहे.

७ सप्टेंबर २०२५ रोजी पोप लिओ चौदावे यांनी ज्या दोघांना संतपद बहाल केले, त्यांच्या जीवनातून हेच दिसते. कार्लो अक्युटिस १५ व्या वर्षी रक्ताच्या कर्करोगाने देवाघरी गेला. त्याआधीच त्याने पवित्र साक्रामेंतासंबंधीच्या चमत्कारांची माहिती संगणकाच्या साहाय्याने जगापुढे मांडली होती. पिएर जॉर्जो फ्रास्साती यांना २४ वर्षांचे आयुष्य लाभले. ते संत व्हिन्सेंट डी पॉल संस्थेचे सदस्य होते. मृत्यूशय्येवर असतानाही एका गरीब रुग्णाचे औषध पोहोचविण्याची चिठ्ठी त्यांनी लिहिली. मोठे झाल्यावर सेवा करू, असे म्हणत ते थांबले असते, तर ती सेवा घडलीच नसती.

आपल्या धर्मग्रामांत काय चित्र आहे? दृढीकरणानंतर अनेक मुले मंदिरात दिसेनाशी होतात. शिक्षण व नोकरीसाठी कित्येक जण गाव सोडतात. आपण वडीलधारी मंडळी त्याबद्दल हळहळतो, प्रसंगी त्यांना दोषही देतो. परंतु सणाला मंडप सजविणे आणि खुर्च्या मांडणे यापलीकडे आपण त्यांना काय दिले? पालकीय मंडळाच्या निर्णयात त्यांचे मत घेतले जाते काय? धर्मशिक्षणाचा वर्ग, आजाऱ्यांच्या भेटी, धर्मग्रामाचा हिशेब यांपैकी एखादे काम पूर्ण विश्वासाने त्यांच्यावर सोपविले आहे काय? त्यांच्याकडून चुका होतील. आपल्याकडूनही झाल्या होत्या.

पाच भाकरी व दोन मासळ्या एका मुलाकडे होत्या. इतक्यांना त्या कशा पुरणार, अशी शंका मोठ्यांनी काढली. प्रभूने मात्र त्याच हाती घेतल्या आणि हजारो तृप्त झाले (योहान ६). येत्या ख्रिस्तराजाच्या सणापूर्वी प्रत्येक धर्मग्रामाने निदान एक जबाबदारी युवकांच्या हाती द्यावी आणि त्यांच्या पाठीशी प्रार्थनेने उभे राहावे.