कुकीचे आयुष्य कोण ठरवतो?

१/ वेबच्या मूळ रचनेत स्मरणशक्ती नव्हती. प्रत्येक विनंतीगणिक वापरकर्ता सर्व्हरला नव्याने अनोळखी. १९९४ मध्ये नेटस्केपच्या लू माँटुली यांनी ही उणीव ‘कुकी’ने भरून काढली.

२/ कुकीला मुदत घालण्याची सोय होती. मुदत न घातल्यास ब्राउझर बंद होताच ती नष्ट होई. घातल्यास त्या तारखेपर्यंत टिके. तारीख मात्र संकेतस्थळच ठरवी.

३/ परिणामी गूगलची एक कुकी थेट २०३८ पर्यंत जगणार होती. २००७ मध्ये कंपनीने ती मुदत दोन वर्षांवर आणली. पण प्रत्येक भेटीसरशी ती पुन्हा वाढे.

४/ २०२२ मध्ये क्रोम ब्राउझरने ४०० दिवसांची कमाल मर्यादा घातली. नूतनीकरणाची वाट तरीही खुलीच राहिली. नित्य येणाऱ्याला वेब आजही सहसा विसरत नाही.