अनौरस संततीचें अन्नवस्त्र : ‘अनुकूल’ या पदाचा विचार

विवाहबाह्य संततीच्या पोषणाचा भार जनकावर टाकण्याची कल्पना आपल्याकडे इंग्रजी अमदानींतच प्रथम आली, असा समज सुशिक्षितांतही आढळतो. तो निराधार आहे. परंतु जुनें व नवें एकच होतें, असेंही म्हणतां येत नाहीं. उभयतांतील तारतम्य दाखविणें एवढाच या टिपणाचा हेतु आहे.

शूद्रापासून दासीच्या ठायीं झालेल्या पुत्रास पित्याच्या इच्छेनें अंश मिळतो, व पित्याच्या पश्चात् भावांनीं त्यास अर्धा अंश द्यावा, असें याज्ञवल्क्यानें व्यवहाराध्यायांत सांगितलें आहे. त्रैवर्णिकांच्या दासीपुत्राविषयीं तेथें कांहींच नाहीं. ही उणीव कल्याणीच्या सहाव्या विक्रमादित्याच्या (इ. स. १०७६–११२६) काळीं मिताक्षराकार विज्ञानेश्वरानें भरून काढिली. मूळांत ‘शूद्र’ हें पद आहे, त्या अर्थीं द्विजाच्या दासीपुत्रास अंश नाहीं. मात्र तो ‘अनुकूल’ असल्यास त्यास ‘जीवनमात्र’ मिळतें, असा त्याचा निर्णय आहे.

येथें दोन गोष्टी ध्यानांत घेण्याजोग्या आहेत. पहिली ही कीं, हा हक्क दायविभागाच्या अनुषंगानें आला आहे. म्हणून वचन पुत्रापुरतें आहे, दासीकन्येचें नांव नाहीं, आणि मातेच्या मागणीचाही उल्लेख नाहीं. दुसरी ही कीं, ‘अनुकूल’ या एका विशेषणानें अन्नास आज्ञाधारकपणाची अट जोडली. पोट भरावयाचें तर मान लववावी लागे.

१८९८ च्या फौजदारी कार्यपद्धतीच्या कायद्याच्या ४८८ व्या कलमांत ही अट नाहीं. अपत्य औरस कीं अनौरस, पुत्र कीं कन्या, हा भेद तेथें उरला नाहीं. ऐपत असून बाप हयगय करितो काय, एवढेंच पाहावयाचें. पोटगीची कमाल मर्यादा मात्र दरमहा ५० रुपये होती. पुढें १९५६ च्या हिंदु दत्तक व निर्वाह कायद्यानें हा भार माता व पिता या दोघांवरही ठेविला. सांप्रत २०२३ च्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १४४ व्या कलमांतही अनौरस अपत्याचा हक्क कायम आहे.

शास्त्र व कायदा यांचा हा विचार झाला. प्रत्यक्ष वहिवाट दप्तरांतच सांपडावयाची. संग्राहकांस विनंति इतकीच कीं, कुणबिणी व लेकावळे यांच्या अन्नवस्त्राचे जमाखर्च किरकोळ म्हणून टाकून देऊं नयेत. ज्यांस वाटणींत स्थान नव्हतें, त्यांच्या अस्तित्वाचा पुरावा कदाचित् त्याच कागदांत असेल.