बाळाच्या आतड्यातील जिवाणू : प्रतिकारशक्तीचे पहिले गुरू

नवजात बालकाची प्रतिकारशक्ती जन्मतः अपक्व असते. आपले कोण, परके कोण, कोणाशी लढायचे आणि कोणाला सामावून घ्यायचे, हे तिला शिकावे लागते. या शिक्षणात आतड्यात वस्तीला येणाऱ्या जिवाणूंचा वाटा मोठा असतो.

पूर्णपणे जंतुविरहित वातावरणात वाढवलेल्या उंदरांमध्ये आतड्याच्या भिंतीतील प्रतिकारपेशींचे पुंजके नीट विकसित होत नाहीत. अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात अशा उंदरांना दमा व आतड्याचा दाह यांचा धोका अधिक असल्याचे दिसले. पिल्ले लहान असतानाच त्यांना जिवाणूंचा सहवास मिळाला, तेव्हा हा धोका टळला. मोठेपणी तोच सहवास देऊनही उपयोग झाला नाही. शिकण्याचा काळ मर्यादित असतो, हा या प्रयोगाचा निष्कर्ष होता.

आईकडून मिळणारा वारसा

बाळाला पहिले जिवाणू प्रामुख्याने प्रसूतीच्या वेळी आईकडून मिळतात. सिझेरियनने जन्मलेल्या बाळांच्या आतड्यात सुरुवातीला आईकडील काही जिवाणू कमी, तर रुग्णालयाच्या परिसरात आढळणारे जिवाणू अधिक असल्याचे ब्रिटनमधील २०१९ च्या अभ्यासात दिसून आले. वरचे अन्न सुरू होईपर्यंत ही तफावत बरीचशी कमी होते.

स्तनपानाचे महत्त्व येथेच आहे. आईच्या दुधातील काही शर्करा बाळाला पचत नाहीत. त्या बिफिडोबॅक्टेरियम या जिवाणूंचे खाद्य ठरतात. हे जिवाणू पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील हेन्री तिसिए यांना १८९९ मध्ये अंगावर दूध पिणाऱ्या बाळाच्या विष्ठेत सापडले. या शर्करा पचवून ते आम्ले तयार करतात. त्यामुळे घातक जंतूंची वाढ रोखली जाते आणि प्रतिकारपेशींना संयमाचे धडे मिळतात.

ओडिशातील प्रयोग

या ज्ञानाचा कस लागला तो ओडिशाच्या ग्रामीण भागात. तेथे साडेचार हजारांहून अधिक नवजात बालकांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष ऑगस्ट २०१७ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. निम्म्या बाळांना सात दिवस लॅक्टोबॅसिलस प्लांटेरम हा जिवाणू व त्याचे शर्करारूपी खाद्य देण्यात आले, तर उरलेल्यांना निष्क्रिय मिश्रण. पहिल्या दोन महिन्यांत जंतुदोष (सेप्सिस) किंवा मृत्यू ओढवण्याचे प्रमाण निष्क्रिय मिश्रण घेतलेल्या गटात ९ टक्के, तर जिवाणू दिलेल्या गटात ५.४ टक्के आढळले.

मात्र ही बाळे किमान दोन किलो वजनाची व निरोगी होती. अपुऱ्या दिवसांच्या बाळांची गोष्ट निराळी. अशा बाळांना रुग्णालयात दिलेल्या प्रोबायोटिकमुळे जीवघेणा संसर्ग होऊ शकतो, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२३ मध्ये दिला. त्यामुळे बाजारातील पूड परस्पर देणे धोक्याचे आहे.

पालकांच्या हाती असलेले उपाय साधेच आहेत. जन्मानंतर पहिल्या तासाभरात चिकाचे दूध पाजावे. सहा महिन्यांपर्यंत मध, गुटी वा पाणी न देता केवळ अंगावरचे दूध द्यावे. डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय प्रतिजैविके देऊ नयेत. पण त्यांनी ती लिहून दिल्यास टाळूही नयेत, कारण नवजात बाळाच्या संसर्गात उशीर प्राणघातक ठरू शकतो.