पेशीचे मरण

युद्धात माणसे मारण्यासाठी सिद्ध केलेल्या विषातून जीव वाचविणारे औषध निघावे, हा वैद्यकाच्या इतिहासातील विलक्षण योग होय. १९१७ साली पहिल्या महायुद्धात मस्टर्ड वायू प्रथम वापरला गेला. त्याला बळी पडलेल्यांच्या रक्तातील पांढऱ्या पेशी फार घटलेल्या आढळल्या. हा धागा धरून येल विद्यापीठातील लुई गुडमन व आल्फ्रेड गिलमन यांच्या पुढाकाराने १९४२ साली त्याच कुळातील नायट्रोजन मस्टर्ड लसिकाग्रंथींच्या कर्करोगाने गांजलेल्या एका रुग्णास देण्यात आले. गाठी विरघळल्या, परंतु त्या पुन्हा उद्भवल्या आणि रुग्ण दगावला.

पुढे १९४७ साली बॉस्टन येथे सिडनी फार्बर यांनी रक्ताच्या कर्करोगाने पछाडलेल्या मुलांवर अमिनोप्टेरिन योजिले. ते जेथे तयार झाले, त्या लेडर्ले प्रयोगशाळेतील संशोधनाची धुरा आंध्रातील भीमवरम येथे जन्मलेल्या यल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी वाहिली होती. विभाजनासाठी पेशीला फॉलिक आम्ल लागते. त्याचे सोंग घेऊन हे द्रव्य तिचे काम अडविते. १६ मुलांपैकी १० जणांना उतार पडला. १९४८ च्या जूनमध्ये हा वृत्तान्त प्रसिद्ध झाला. ऑगस्टमध्ये सुब्बाराव निवर्तले. मुलांचा उतारही काही महिन्यांचाच ठरला.

रोग परततो का? हे कळण्यास, श्रोतेहो, पेशी मरते कशी हे आधी कळणे अवश्य होते. औषध हे विष आणि विषाने पेशी नष्ट होते, एवढीच सर्वसाधारण समजूत होती. १९७२ साली जॉन कर, अँड्र्यू वायली व अ‍ॅलिस्टर करी यांनी निराळेच दाखविले. पेशी आपल्या आतील योजनेनेही मरते. ती आक्रसते, तिचे तुकडे होतात आणि शेजारच्या पेशी ते गिळून टाकतात. सूज नाही, दाह नाही. झाडाची पाने गळावीत, अशा अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्यांनी या मरणास अपॉप्टोसिस हे नाव दिले.

पुष्कळशी औषधे पेशीतील डीएनएला केवळ जखम करितात. ती जखम ओळखून मरणाची आज्ञा सोडण्याचे काम पी५३ नामक प्रथिनाचे; मग कॅस्पेझ नावाची विकरे पेशीला आतूनच कापून काढतात. परंतु पुष्कळ कर्करोगांत पी५३ बिघडलेले असते. काहींत बीसीएल-२ हे प्रथिन मरणाचे दार अडवून बसते. पेशींची वाढ न करिता केवळ त्यांचे मरण टाळणारे हे प्रथिन आहे, असे १९८८ साली मेलबर्न येथील संशोधकांनी दाखविले. जखम होऊनही पेशी मरत नाही, म्हणून रोग परततो. त्याचे एक मोठे कारण हे होय.

बीसीएल-२ ला जखडून ठेवणाऱ्या व्हेनेटोक्लॅक्स या औषधास २०१६ साली अमेरिकेत रक्ताच्या एका दीर्घकालिक कर्करोगासाठी मान्यता मिळाली. ते पेशीवर विष ओतीत नाही. तिला तिचे विसरलेले मरण आठवून देते. हेही औषध सर्वांना लागू पडत नाही, आणि काही रुग्णांत पेशी त्यालाही चकवितात. तथापि १९४७ साली त्या मुलांच्या उशाशी बसलेल्यांना जे कोडे होते, त्याचा उलगडा आज बराचसा झाला आहे. आणि शत्रूची खोड कळणे हा अर्धा विजयच होय.