मय्यतीची जुनी जाहिरात आणि घराण्याचा शजरा: डहाणू-तलासरीच्या कुटुंबांसाठी

आपल्याकडच्या कब्रस्तानांत बहुतेक कबरी कच्च्या. नावाचा दगड नाही, साल नाही. काही पावसाळे गेले की माती सपाट होते. दादांचं नाव घरात सगळ्यांना माहीत असतं, परदादांचं एखाद्या बुजुर्गाला, आणि त्यापुढे शजरा थांबतो. अशा वेळी जुन्या वर्तमानपत्रातली मय्यतीची चार ओळींची जाहिरात फार कामाची ठरते. घरच्यांनीच त्या दिवशी लिहून दिलेला तो मजकूर असतो.

आशागड, डहाणू, तलासरीच्या कुटुंबाने सगळ्यात आधी भाषा ठरवावी. हा गुजरातला लागलेला पट्टा आहे. मुंबईला जाणारी रेल्वे दारात, त्यामुळे मुंबईची वर्तमानपत्रं इथे सहज पोचत. एकाच खानदानात दुकानाचा हिशोब गुजरातीत, निकाहनामा उर्दूत आणि शाळेचा दाखला मराठीत असतो. मेमन, बोहरा, खोजा घरांनी शोध ‘मुंबई समाचार’पासून सुरू करावा, हे गुजराती पत्र १८२२ पासून निघतं. उर्दू वाचणाऱ्या घरांसाठी १९३८ मध्ये सुरू झालेलं ‘इन्किलाब’ आहे. मराठी पत्रं तिसरी. नातू मराठी शाळेत शिकला म्हणून फक्त मराठी फायली चाळतो आणि ‘काही मिळालं नाही’ म्हणून सोडून देतो, ही नेहमीची चूक.

प्रत्येक भाषेचा साचा वेगळा असतो. उर्दूत वर ‘सानिहा-ए-इर्तिहाल’ किंवा ‘इंतिकाल-ए-पुरमलाल’ असा मथळा, खाली ‘पसमांदगान’ म्हणजे मागे राहिलेल्यांची नावं. गुजरातीत ‘डहाणू निवासी, हाल मुंबई’ अशी सुरुवात असेल तर कुटुंब मूळ डहाणूचं आणि त्या वेळी मुंबईत राहणारं, असं समजावं. ‘पियर पक्षे’ म्हणजे माहेरकडून. मराठी पत्रांत मुसलमान मय्यतीसाठी ‘पैगंबरवासी’ हा शब्द दिसेल. ‘कैलासवासी’च्या धर्तीवर कुणीतरी तो बनवला, घरात आपण कुणीच तसं बोलत नाही, पण शोधताना तो शब्द लक्षात ठेवा.

बायकांची नावं मात्र अनेकदा गाळलेली असतात. ‘अमुक यांची अहलिया’, ‘मरहूम तमुक यांची विधवा’, बस्स. दादीच्या स्वतःच्या मय्यतीतही दादीचं नाव नसतं, याचा राग येतो. तरी तो मजकूर टाकू नका. विधवा लिहिलंय म्हणजे दादा त्याआधी गेले होते, इतकं तरी कळतं. पियरची ओळ असेल तर नानी-परनानीच्या घराण्याचा धागा हाती लागतो. आणि जावयांची यादी असेल तर मुली किती होत्या आणि कुठे दिल्या होत्या, हे कळतं.

ही शेवटची गोष्ट नुसत्या हौसेची नाही. सातबाऱ्यावर किंवा घराच्या वारस नोंदीत फक्त भावांची नावं लागली आणि बहिणींची राहून गेली, अशी घरं आपल्यात कमी नाहीत. शरीयतमध्ये मुलीचा हिस्सा ठरलेला आहे, पण कागदावर ती मुलगीच नसते. वडिलांच्या मय्यतीच्या जाहिरातीत चार जावई छापलेले असतात आणि वारस नोंदीत एकही बहीण नसते, तेव्हा घरात बसून बोलायला हवं. कात्रण एकट्याने कायद्याचं काम करत नाही. पण कोणाचा, कोणत्या गावचा दाखला मागायचा, हे त्यावरून कळतं.

तारीख वाचताना घाई नको. इस्लामी दिवस मगरिबपासून सुरू होतो. ‘शब-ए-जुमा’ म्हणजे गुरुवारची रात्र. सरकारी नोंदीत बारा वाजायच्या आत गुरुवारची तारीख पडेल, जाहिरातीत जुमा वाटेल. हिजरी तारीख तक्त्यावरून बदलली तर चांदच्या फरकाने एखादा दिवस मागेपुढे होतो. म्हणून हिजरी तारीख, वार आणि अंकावरची इंग्रजी तारीख तिन्ही जुळवा. इंतकालची जाहिरात सापडली नाही तर पुढच्या तीन-चार दिवसांत जियारतीची बघा, मग चाळीसव्याच्या आसपासची.

गावाच्या नावाची एक अडचण आहे. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला झाला. त्याआधीचं सगळं ‘ठाणे’खाली. १ मे १९६० पर्यंत उंबरगाव तालुकाही ठाणे जिल्ह्यात होता. त्याचा मोठा भाग गुजरातेत गेला आणि राहिलेल्या गावांतून तलासरी उभा राहिला. म्हणजे १९५५ च्या मजकुरातलं ‘तालुका उंबरगाव’ आजच्या तलासरीतलं गावही असू शकतं. नोंदी कोणत्या राज्यात मागायच्या, ते यावर ठरतं.

नाव आणि साल मिळालं की सरकारी नोंद शोधा. जुन्या गावनोंदी ‘गाव नमुना १४’ किंवा कोतवाल बुक म्हणून ओळखल्या जातात. तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात विचारा. अलीकडच्या काळासाठी ग्रामपंचायत. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या कलम १७ प्रमाणे कुणीही फी भरून नोंद शोधायला सांगू शकतो आणि उतारा घेऊ शकतो. मृत्यूचं कारण त्या उताऱ्यात देत नाहीत.

जाहिरातीला पैसे पडत. मजूर, गाडीवान, छोटा फेरीवाला यांच्या घरून कुणी मुंबईच्या पत्रात मजकूर देत नसे. अशा घरांनी मशिदीची किंवा जमातीची दफनाची वही, निकाहाचं रजिस्टर आणि शाळेचा जनरल रजिस्टर आधी बघावा. मुंबईत कामाला गेलेला कुणी तिथेच वारला असेल तर मरीन लाइन्सच्या बडा कब्रस्तानात चौकशी करता येते. जुने अंक बघायला मुंबईत एशियाटिक सोसायटी, दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आणि उर्दूसाठी अंजुमन-ए-इस्लामची करीमी लायब्ररी आहे. जाण्याआधी फोन करून कोणत्या सालचे अंक आहेत ते विचारा, नाहीतर डहाणूहून लोकलचा एक दिवस फुकट जातो.

सापडल्यावर फक्त त्या चार ओळींचा फोटो काढू नका. पत्राचं नाव, तारीख आणि पान दिसेल असा पूर्ण पानाचाही काढा. घरात मूळ कात्रण असेल तर सेलोटेप किंवा लॅमिनेशन करू नका; कागद पिवळा पडून तुटतो. साध्या पाकिटात ठेवा आणि पाकिटावर पेन्सिलीने लिहा: कुणाचं, कुठून मिळालं, कुणी वाचून दिलं.