शनिवारवाडा ते तळ्यातला गणपती

पुण्यातील शनिवारवाड्याची पायाभरणी 10 जानेवारी 1730 रोजी पहिल्या बाजीरावाने केली आणि 22 जानेवारी 1732 रोजी वास्तुशांत झाली. पुढच्या पेशव्यांनी त्यात महाल, दिवाणखाने, बागा आणि कारंजी वाढवत नेली. त्यांतले हजारी कारंजे सर्वांत देखणे. सोळा पाकळ्यांच्या कमळाची ही रचना आजही थबकून पाहावी अशी आहे. अशा कारंज्यांमागे पाण्याची मोठी व्यवस्था होती. नानासाहेब पेशव्याने कात्रजला तलाव बांधून भूमिगत नळांनी ते पाणी शहरात आणले. उंचावरचे पाणी उताराने येई, म्हणून उपशाची गरजच नव्हती. पेशवाईचे हे खरे वैभव तटबंदीइतकेच जपायला हवे.

नानासाहेबानेच पर्वतीच्या पायथ्याशी तळे करवून मध्ये बेट राखले. त्या बेटावर सारसबाग फुलली. काठावर हिराबाग होती. 1784 मध्ये सवाई माधवरावाच्या काळात बेटावर गणपतीचे मंदिर झाले.

1828 मध्ये आगीने वाड्यातील जवळजवळ सर्व इमारती नष्ट केल्या. तट, बुरूज, दिल्ली दरवाजा आणि नगारखाना मात्र उरले. पर्वतीचे तळे पुढे बुजवण्यात आले आणि त्या जागी सार्वजनिक उद्यान झाले; गणपती मात्र अजून तळ्यातलाच म्हणवतो.